रणाबाहेरची जखम



‘सैनिक जखमी झाला’ एवढे शब्द कानावर पडले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. खंदक, तोफांचा धूर, छातीत घुसलेली गोळी आणि शेजारी पडलेली बंदूक. चित्रकारांनी, शाहिरांनी आणि अलीकडे चित्रपटांनी हे चित्र आपल्या मनावर इतके कोरून ठेवले आहे की, त्याबाहेरचा जखमी सैनिक आपल्याला सैनिकच वाटत नाही. परंतु कोणत्याही देशाच्या लष्करी इस्पितळातील नोंदवही उघडून पाहिली, तर तिच्यात निराळेच जग आढळते. मालमोटार उलटून कंबरेचे हाड मोडलेला एक. कवायतीत गुडघा निखळलेला दुसरा. तोफांच्या सरावात दोन्ही कानांनी बहिरा झालेला तिसरा. हिवतापाने पोखरलेला, हगवणीने वाळलेला, क्षयाने खोकणारा, आणि ज्याचे शरीर धड पण मन फाटून गेले आहे असा आणखी एक. यांतल्या कित्येकांनी शत्रूचे तोंडही पाहिलेले नसते.

अशा माणसाला सरकारने अपंगत्वाची भरपाई द्यावी काय? द्यावी तर रणांगणावर पाय गमावलेल्या सैनिकाइतकीच द्यावी काय? आणि त्याचे अपंगत्व नोकरीमुळेच आले, हे कोणी कोणाला पटवून द्यायचे? आजच्या व्याख्यानाचा विषय म्हणजे हे तीन प्रश्न. वरवर पाहता हे खजिन्याच्या हिशेबाचे प्रश्न दिसतात. पण मुळात ते न्यायाचे आहेत, आणि त्यांची उत्तरे देताना मोठमोठी राज्ये अडखळली आहेत. या अडखळण्याचा इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जितका विस्ताराने नोंदलेला आहे, तितका तो क्वचितच कोठे आढळेल. म्हणून आपण प्रथम तिकडे जाऊ, आणि शेवटी आपल्या घरी परत येऊ.

लढाईत पडलेल्याच्या घरादाराचा भार राज्याने उचलावा, ही कल्पना जुनीच आहे. आपल्याकडे ‘बालपरवेशी’ हा शब्द त्यातूनच आला; कामास आलेल्या शिपायाच्या लेकरांच्या पोषणासाठी दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. इंग्लंडात १५९३ साली एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत कायदा होऊन जखमी सैनिक व खलाशी यांच्यासाठी प्रत्येक गावमंडळावर पट्टी बसविण्यात आली. अमेरिकेतील प्लिमथ वसाहतीने १६३६ साली ठराव केला की, पीक्वॉट लोकांशी लढताना जो अपंग होईल त्याला वसाहतीने जन्मभर पोसावे. पुढे वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले, तेव्हा २६ ऑगस्ट १७७६ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून दोन महिने व्हायच्या आत, तेथील काँग्रेसने पहिला राष्ट्रीय पेन्शनचा कायदा केला. सेवेत हातपाय गमावलेल्याला किंवा पोट भरण्यास असमर्थ झालेल्याला निम्मा पगार देण्याचे त्यात अभिवचन होते. खजिना रिकामा होता, राज्य अजून जन्माला येत होते. पण सैन्य उभारायचे तर हे अभिवचन अगोदर द्यावे लागते, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

या सर्व नियमांमागे एक सरळ, सोपी कल्पना होती : रक्ताची किंमत. ज्याने रणात रक्त सांडले त्याला राज्याने ती किंमत चुकवावी. पण ही कल्पना फार काळ एकटी राहिली नाही. १८१८ साली, स्वातंत्र्ययुद्ध संपून तीन तपे होत आली असता, त्या युद्धातील म्हाताऱ्या आणि दरिद्री सैनिकांना, जखम असो वा नसो, पेन्शन देण्याचा कायदा झाला. साध्या सैनिकाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. अर्जांचा पूर लोटला, तेव्हा १८२० साली प्रत्येकाकडून त्याच्या मालमत्तेची यादी मागण्यात आली. १८३२ साली गरिबीची अटही सुटली. आता ही रक्ताची किंमत राहिली नव्हती. ती कृतज्ञता होती, आणि थोडीशी दयाही होती. भरपाई, कृतज्ञता आणि दया हे तीन धागे येथे प्रथम एकमेकांत गुंतले. पुढचा सारा इतिहास म्हणजे हा गुंता सोडविण्याचे, आणि पुन्हा पुन्हा वाढविण्याचे, प्रयत्न होत.

खरी कसोटी लागली ती यादवी युद्धात. १८६१ ते १८६५ ही चार वर्षे उत्तर आणि दक्षिण एकमेकांशी झुंजली. १४ जुलै १८६२ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, उत्तरेच्या सरकारने पेन्शनचा नवा कायदा केला. या कायद्यातील एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. कर्तव्य बजावताना झालेली जखम आणि कर्तव्य बजावताना जडलेला रोग, या दोहोंना त्याने एकाच पंक्तीला बसविले. सैनिक लढाईत होता की छावणीत, हे कायद्याने विचारले नाही. तो कामावर होता की नाही, एवढेच विचारले.

ही उदारता आकाशातून पडलेली नव्हती. युद्धभूमीवरील सत्यच तसे होते. उत्तरेच्या सैन्यातील सुमारे ३,६०,००० माणसे त्या युद्धात दगावली. त्यांपैकी लढाईत ठार झालेले आणि जखमांनी मेलेले मिळून सुमारे १,१०,००० होते. उरलेले बहुतेक सारे रोगाने गेले. हगवण, विषमज्वर, गोवर, हिवताप आणि न्यूमोनिया हेच त्या सैन्याचे मोठे शत्रू होते. खेड्यापाड्यांतील तरुण पोरे प्रथमच हजारोंच्या गर्दीत एकत्र आली. पाणी घाण, शौचकूप पाण्याला लागून, अन्न निकस, आणि रोगजंतूंचे ज्ञान वैद्यकाला अजून व्हायचे होते. अशा छावणीत रोग शत्रूपेक्षा अधिक नेमाने माणूस टिपत असे. जो हगवणीतून वाचून घरी परतला, तो पुष्कळदा जन्माचा दुखणेकरी होऊनच परतला. अशा माणसाला ‘तुला गोळी लागली नाही’ म्हणून विन्मुख पाठविणे म्हणजे सैन्याच्या दोनतृतीयांश दुःखाकडे पाठ फिरविणे झाले असते.

तत्त्व ठरले, पण मोजमाप कसे करायचे? कायद्याने कसोटी लावली ती अंगमेहनतीच्या कामाची. कष्टाचे काम करण्याची ताकद किती गेली, ते सरकारी डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. पूर्ण अपंगत्वाला साध्या सैनिकास महिना ८ डॉलर, तर लेफ्टनंट कर्नल व त्याच्यावरील अधिकाऱ्यास ३०. म्हणजे एकाच प्रकारे मोडलेल्या पायाची किंमत पायाच्या धन्याच्या हुद्द्यावर ठरे. शिवाय पाय गेलेला कारकून आपल्या मेजावर बसून पूर्वीइतकेच मिळवी आणि पाय गेलेला शेतकरी उपाशी मरे. कायद्याच्या तराजूत मात्र दोघे समान. या अन्यायांवर पुढच्या पिढ्यांना उत्तर शोधावे लागले.

त्याहून बिकट प्रश्न पुराव्याचा होता. तुटलेला हात स्वतःच साक्ष देतो. परंतु वीस वर्षांपूर्वी छावणीत जडलेल्या संधिवाताची साक्ष कोण देणार? कंपनीचा कप्तान मेलेला, इस्पितळाचे कागद हरवलेले, सोबती देशभर पांगलेले. अर्जदार जुन्या सोबत्यांना पत्रे लिही, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा करी, आणि वॉशिंग्टनचा कारकून त्यांतील तारखा ताडून पाही. प्रामाणिक माणूस पुरावा नाही म्हणून हरे आणि चलाख माणूस पुरावा बनवून जिंकत असे. श्रोतेहो, रणातल्या जखमेला आणि रणाबाहेरच्या जखमेला कायद्याने समान मानले, तरी पुराव्याच्या दारात त्या समान राहत नाहीत. हा मुद्दा आपण लक्षात ठेवावा. कारण तो आजही जसाच्या तसा उभा आहे.

१८७९ साली अध्यक्ष हेज यांनी एका लहानशा कायद्यावर सही केली. त्याचा आशय एवढाच की, उशिरा अर्ज करणाऱ्यालाही सैन्यातून सुटल्या दिवसापासूनची थकबाकी मिळावी. ऐकायला न्याय्यच वाटते. पण चौदा-पंधरा वर्षांची थकबाकी एकरकमी हाती पडते म्हटल्यावर देशभर दुखण्यांची आठवण जागी झाली. दर अर्जामागे ठरलेली फी घेणारे वकील आणि दलाल गावोगाव फिरू लागले, आणि वर्तमानपत्रांतून जाहिराती झळकू लागल्या. १८६६ साली स्थापन झालेली माजी सैनिकांची मोठी संघटना, ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक, १८९० च्या सुमारास चार लाख सभासदांपर्यंत पोचली. चार लाख संघटित मते म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगायला नको. पेन्शनचे काम इतके वाढले की, वॉशिंग्टनमध्ये त्यासाठी १८८२ ते १८८७ या काळात एक अवाढव्य विटांची इमारत उभारावी लागली. तिच्या भिंतींवर चहूबाजूंनी सैनिकांच्या मिरवणुकीची भाजक्या मातीतली नक्षी आहे. आज त्या वास्तूत इमारतींचे संग्रहालय आहे. पण तिची मूळ भव्यता पेन्शनच्या फायलींसाठी होती, हे विसरून चालणार नाही.

या लाटेला आडवा गेला तो अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड. त्या काळी एक विचित्र वहिवाट होती : पेन्शन कचेरीने ज्याचा अर्ज फेटाळला, त्याच्यासाठी एखादा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये स्वतंत्र विधेयक आणी आणि सभागृह ते न वाचताच संमत करी. क्लीव्हलँड रात्री जागून ही विधेयके वाचू लागले, आणि त्यांनी पहिल्या कारकीर्दीत अशी २०० हून अधिक विधेयके नामंजूर केली. एका अर्जदाराला हगवणीबद्दल पेन्शन मिळत होती. पुढे त्याने डोळे अधू झाल्याबद्दल मागणी केली आणि डोळ्यांचे दुखणे त्या हगवणीतूनच उद्भवले असे सांगितले. अध्यक्षांनी आपल्या नकारपत्रात या युक्तिवादाचा उपहास केला. देशाला हसू आले, आणि माजी सैनिकांना संताप आला. त्यात क्लीव्हलँड स्वतः युद्धात गेलेले नव्हते. कायद्याने दिलेल्या सवलतीप्रमाणे १५० डॉलर देऊन त्यांनी आपला बदली माणूस पाठविला होता. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांनी आणखी एक मोठे विधेयक रोखले. काम करण्यास असमर्थ अशा प्रत्येक माजी सैनिकाला, अपंगत्वाचे कारण काहीही असो, पेन्शन द्यावी असे ते विधेयक होते. त्यांचे म्हणणे असे की, जखमेचा सन्मान आणि दारिद्र्याचे साहाय्य यांची सरमिसळ केली तर सन्मान स्वस्त होईल आणि लबाडीला रान मोकळे मिळेल.

क्लीव्हलँड यांच्या जखमेवर मीठ चोळायला ते लढवय्ये नव्हते एवढेच पुरेसे झाले असते. पण १८८८ च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर उभे राहिले ते यादवी युद्धातील सेनानी बेंजामिन हॅरिसन. हॅरिसन निवडून आले. त्यांनी पेन्शन कचेरीवर नेमले जेम्स टॅनर यांना. १८६२ मधील बुल रनच्या दुसऱ्या लढाईत टॅनर यांचे दोन्ही पाय गेले होते. पुढे ते लघुलेखन शिकले, आणि लिंकन मृत्युशय्येवर असताना शेजारच्या खोलीत साक्षी उतरवून घेण्याचे काम त्यांच्याच हातून झाले. पाय गमावलेला हा माणूस आपल्या सोबत्यांबद्दल इतका उदार निघाला की, सहा महिन्यांत हॅरिसन यांनाच त्यांना दूर करावे लागले. पण धोरण बदलले नाही. २७ जून १८९० रोजी तो प्रसिद्ध कायदा झाला. अटी तीनच : ९० दिवसांची सेवा, सन्मानाने झालेली मुक्तता, आणि अंगमेहनतीस असमर्थ करणारे अपंगत्व. ते अपंगत्व व्यसनातून आलेले नसावे, एवढेच. सैन्यसेवेशी त्याचा संबंध असण्याची गरज उरली नाही. १८८५ साली शेतात गाडीवरून पडून हात मोडलेला माजी सैनिकही आता सरकारी पेन्शनचा हक्कदार झाला. रक्कम महिना ६ ते १२ डॉलर.

परिणाम आकड्यांतच पाहावा. १८९० साली पेन्शनर सुमारे ५,३८,००० होते. १८९३ साली ते ९,६६,००० झाले. खर्च १५ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात गेला, आणि तो राष्ट्रीय सरकारच्या खर्चाच्या सुमारे चाळीस टक्के होता. पैसा कोठून आला? परदेशी मालावरील भारी जकातीने खजिना तुडुंब भरला होता. ती जकात टिकविणाऱ्या कारखानदारी पक्षाला शिल्लक रिकामी करायला पेन्शनसारखी दुसरी सोयीची वाट नव्हती. म्हणजे माजी सैनिकांची भूक आणि गिरण्यांच्या मालकांचा नफा या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात सुखाने नांदल्या. १९०४ साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या आज्ञेने म्हातारपण हेच अपंगत्व ठरले : ६२ व्या वर्षी निम्मे, ७० व्या वर्षी पूर्ण. ज्या देशात सामान्य मजुराला म्हातारपणाचा आधार मिळायला १९३५ साल उजाडावे लागले, तेथे सैनिकाच्या निमित्ताने तो आधार एका पिढीला अगोदरच मिळाला.

पण सर्वांना मिळाला काय? दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांना राष्ट्रीय पेन्शन नव्हती. त्यांना त्यांच्या राज्यांनी जे दिले ते. उत्तरेच्या सैन्यात लढलेल्या निग्रो सैनिकांना कायदा समान होता, कायद्यात वर्णभेदाचा एक शब्द नव्हता. तरीही त्यांचे अर्ज गोऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात फेटाळले जात. गुलामीत जन्मलेल्याजवळ जन्माचा दाखला कोठून येणार? गुलामीत झालेल्या लग्नाची नोंद कोण ठेवणार? कायदा उदार झाला, पण दार पुराव्याचेच राहिले. आणि ज्यांच्याजवळ कागद नव्हता, ते त्या दारात उभेच राहिले. या साऱ्या प्रकरणाची शेपटी किती लांब गेली पाहा : यादवी युद्धातील एका सैनिकाच्या अपंग मुलीला त्या युद्धाची पेन्शन महिना ७३ डॉलर १३ सेंट मिळत होती, आणि ती मुलगी वारली २०२० साली!

या अनुभवाने अमेरिकेचे राज्यकर्ते धास्तावले. पहिल्या महायुद्धात उतरताना, १९१७ साली, त्यांनी ठरविले की आता दया-कृतज्ञता नको. कारखान्यातील कामगाराला अपघाताची भरपाई मिळते तसा विम्याचा हिशेब ठेवावा. अपंगत्व टक्केवारीने मोजावे, ते अमक्या माणसाची मिळकत किती बुडाली यावरून नव्हे, तर त्या प्रकारच्या दुखापतीने माणसाची कमाई सरासरीने किती घटते यावरून. कारकून आणि शेतकरी यांच्या जुन्या कोड्याला दिलेले हे उत्तर होते. आणि अधिकारी व शिपाई यांच्या पायांच्या किमतीतला फरकही त्याने पुसला. पण युद्धाने पुन्हा तोच धडा शिकविला. त्या युद्धात सुमारे ५३,००० अमेरिकन सैनिक लढाईने मेले, आणि ६३,००० इतर कारणांनी. त्यांत सर्वांत मोठा वाटा इन्फ्लुएंझाचा. पुष्कळजण समुद्र ओलांडण्यापूर्वीच, आपल्याच देशातील छावण्यांत गेले.

मग रणाबाहेरची जखम पुन्हा दाराशी आली. १९२१ साली कायद्याने एक नवे तत्त्व मान्य केले, ते म्हणजे गृहीतकाचे. सैन्यातून सुटल्यावर दोन वर्षांच्या आत क्षय किंवा मनोविकार दिसून आला, तर तो सेवेतूनच आला असे गृहीत धरावे. सिद्ध करण्याचे ओझे सैनिकाच्या खांद्यावरून उतरून सरकारच्या खांद्यावर गेले. १९३० साली मात्र सेवेशी संबंध नसलेल्या अपंगत्वालाही पुन्हा भत्ता सुरू झाला, आणि मंदीच्या दिवसांत तो इतका फुगला की १९३३ साली फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सत्तेवर येताच काटकसरीच्या कायद्याने तो कापून टाकला. केवळ गणवेष घातला म्हणून कोणी इतर नागरिकांहून वेगळा वर्ग बनत नाही, असे त्यांनी माजी सैनिकांच्याच अधिवेशनात जाऊन सांगितले. त्या कापाकापीत खरे जखमीही भरडले गेले, आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसने अध्यक्षांचा नकार झुगारून काही रकमा परत दिल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर सेनापती ओमर ब्रॅडली यांच्या समितीने १९५६ साली या साऱ्याचा मुळापासून विचार केला. तिचा निष्कर्ष थोडक्यात असा : सैन्यसेवा हे नागरिकाचे कर्तव्य आहे, केवळ ती केली म्हणून आयुष्यभराचे देणे लागत नाही; परंतु सेवेमुळे जो अपंग झाला त्याच्या बाबतीत देशाने हात आखडता घेऊ नये. म्हणजे रेषा ओढायची ती रण आणि छावणी यांच्यामध्ये नव्हे. ती ओढायची सेवा आणि सेवेबाहेरचे आयुष्य यांच्यामध्ये.

अमेरिकेचा भरपाईचा कायदा आज याच रेषेवर उभा आहे. सेवेच्या काळात झालेली दुखापत, मग ती सुटीच्या संध्याकाळी चेंडू खेळताना झालेली का असेना, भरपाईस पात्र. अपवाद स्वतःच्या जाणूनबुजून केलेल्या गैरवर्तनाचा आणि दारू वा मादक द्रव्यांचा. यावर सामान्य करदाता विचारतो : खेळताना मोडलेल्या गुडघ्याचे पैसे मी का द्यावेत? प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तरही आहे, आणि ते १९५० च्या एका निकालात सापडते. बराकीला आग लागून एक सैनिक जळून मेला. शेगडीची यंत्रणा सदोष होती असा त्याच्या घरच्यांचा आरोप. दुसऱ्या एकाच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी लष्करी इस्पितळाचा टॉवेल राहून गेला. तो मोठा टॉवेल पुढे दुसऱ्या शस्त्रक्रियेत निघाला. दोघांनीही सरकारवर दावे लावले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सेवेच्या ओघात झालेल्या दुखापतीबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करता येणार नाही. आणि त्याचे एक कारण असे दिले की, त्याच्यासाठी ठरीव, निश्चित भरपाईची व्यवस्था अगोदरच आहे.

श्रोतेहो, यात सगळा सौदा उघड होतो. सैनिक कोठे राहील, काय खाईल, कोणता डॉक्टर त्याला तपासील, हे तो ठरवीत नाही. हवामान मानवत नाही म्हणून तो राजीनामा देऊन चालू लागत नाही. त्याचे चोवीस तास सरकारचे. आणि चूक झाली तर न्यायालयाचे दारही त्याला बंद. ज्याचे चोवीस तास घेतले, त्याच्या चोवीस तासांतल्या दुखापतीची जबाबदारी झटकता येत नाही. भरपाई ही त्याने दिलेल्या हक्कांची परतफेड आहे, बक्षीस नव्हे. २००७ साली अमेरिकेच्या एका आयोगाने हा प्रश्न पुन्हा तपासला आणि हेच सांगितले की, भरपाई अपंगत्वाच्या तीव्रतेवर ठरावी, ते लढाईत आले की लढाईबाहेर यावर नव्हे. शौर्याचा गौरव पदकाने करावा. मोडलेल्या हाडाची मोजणी हाडावरूनच करावी.

पुराव्याचा प्रश्न मात्र कायम राहिला. व्हिएतनामच्या जंगलांवर फवारलेल्या पानझडीच्या विषाने जडलेल्या रोगांबद्दल गृहीतकाचा कायदा व्हायला १९९१ साल लागले. त्या युद्धातून अमेरिकन सैन्य परतले होते १९७३ साली. इराक व अफगाणिस्तानातील छावण्यांत कचऱ्याच्या खड्ड्यांतून दिवसरात्र निघणाऱ्या धुराबद्दलचा कायदा २०२२ साली झाला. प्रत्येक वेळी रोग अगोदर आला, पुरावा नंतर, आणि कायदा सर्वांत शेवटी.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या सैन्यातही भरपाईची कसोटी केवळ लढाईची नाही. १९६१ च्या पेन्शन नियमांनी अट घातली ती अशी की, अपंगत्व सैन्यसेवेमुळे आलेले असावे किंवा सेवेमुळे बळावलेले असावे, आणि ते वीस टक्के वा अधिक असावे. युद्धात आलेल्या अपंगत्वासाठी निराळी आणि मोठी रक्कम आहे. म्हणजे आपण अमेरिकेप्रमाणे रण आणि छावणी यांना अगदी एका पंक्तीला बसविले नाही. पंगत एक, पण पाने दोन. भांडण होते ते ‘सेवेमुळे’ या एका शब्दावर. वैद्यकीय मंडळ लिहिते, ‘रोग सेवेशी असंबद्ध’. आणि सैनिक घरी येतो.

२०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात या दोन शब्दांची झाडाझडती घेतली. हा सैनिक १९८५ साली भरती झाला आणि नऊ वर्षांच्या सेवेनंतर फेफऱ्याच्या विकारामुळे त्याला काढण्यात आले. न्यायालय म्हणाले की, भरतीच्या वेळी त्याला तपासून धडधाकट म्हणून घेतले. तेव्हाच्या कागदावर या रोगाची नोंद नाही. तर मग रोग सेवेत आला असेच धरावे लागेल. सेवेशी संबंध नाही असे म्हणायचे असेल, तर त्याची कारणे मंडळाने द्यावीत. सैनिकाला संशयाचा फायदा मिळाला पाहिजे, हे १९८२ च्या नियमांतच लिहिलेले होते. न्यायालयाने ते फक्त मोठ्याने वाचून दाखविले.

अपघातांच्या बाबतीत रेषा अधिक नाजूक आहे. रजेवर घरी निघालेल्या एका सैनिकाचा गाडीतून उतरताना पडून हात गेला. १९९९ साली न्यायालयाने म्हटले, हा प्रवास सेवेचाच भाग, याला पेन्शन द्या. दुसरा सैनिक वार्षिक रजेत आपल्या गावी असताना रस्त्यावरच्या अपघातात जखमी झाला. २०११ साली त्याची मागणी नाकारली गेली, कारण त्या अपघाताचा सैन्यसेवेशी धागा जोडता येईना. दोन्ही माणसे सारखीच अपंग. दोन्ही निकाल वाचले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते : रेषा ओढणे कठोर असते, पण रेषा मुळीच नसेल तर काय होते हे १८९० च्या कायद्याने दाखविले आहे. २०२३ साली आपल्या सरकारने पात्रतेचे नवे नियम केले. त्यांवर माजी सैनिकांनी हरकती घेतल्या, आणि वाद चालू राहिला. वाद चालू राहणे हेच या विषयाचे प्राक्तन दिसते.

आपल्या महाराष्ट्राला तर या विषयाशी डोळ्यादेखतचे नाते आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग हिंदी सैनिकांना हातचे काम शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत निघालेली क्वीन मेरी यांच्या नावाची संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला आली. कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच १९४४ साली उघडले. आणि कमरेखाली लुळ्या पडलेल्या सैनिकांसाठी खडकीला १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशा संस्थांत चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला आपण सहज विचारतो, ‘कुठल्या लढाईत?’ आणि तो जर म्हणाला, ‘लढाईत नाही, गाडी दरीत गेली’, तर आपल्या चेहऱ्यावरचा आदर किंचित ओसरतो. त्याला ते दिसते. सियाचीनवर १९८४ पासून शत्रूच्या गोळीपेक्षा थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने अधिक माणसे नेली. ती माणसे तेथे सहलीला गेली नव्हती.

यास्तव या इतिहासातून घ्यावयाचे ते एवढेच. पहिले, सैन्य हे मुख्यतः लढत नसते. ते राहत असते, चालत असते, वाट पाहत असते, आणि त्या राहण्याचालण्यातच बहुतेक शरीरे मोडतात. म्हणून रण हीच कसोटी मानणे अन्यायाचे. दुसरे, सेवेशी संबंध ही अट सोडून दिली, तर भरपाईचे रूपांतर मतांच्या बाजारात होते, आणि मग काटकसरीची कुऱ्हाड आली म्हणजे ती प्रथम खऱ्या जखमीवर पडते. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे त्यावरून राज्याची नियत ओळखावी. सरकारजवळ कागद आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत. सैनिकाजवळ फक्त त्याचे शरीर आहे. ज्याच्याजवळ अधिक आहे, त्याने अधिक सिद्ध करावे.

भरपाईचा पैसा तुमच्या-आमच्या करांतून जातो. तो योग्य माणसाला जातो की नाही, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण तो हक्क बजावताना आपण त्या माणसाला ‘तू कुठल्या लढाईत होतास?’ असे न विचारता ‘तू कोणाच्या कामावर होतास?’ असे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाच ठाऊक आहे : तो आपल्या कामावर होता.